मापाचा सुरा

"डोकं जड आहे," असं म्हणून बाबांनी सुरा बाकावर ठेवला आणि फडक्याला हात पुसले.

मी मनात जे म्हणाले ते इथे सांगण्यासारखं नाही.

हा चौथा सुरा होता. चारही वेळा मूठ मी बसवली, चारही वेळा पातं माझ्या थोरल्या भावानं, दादानं, ठोकलं, आणि चारही वेळा बाबांचं तेच. डोकं जड. म्हणजे पुढचा भाग जड, सुरा हातातून पुढे ओढतो. दुसरं काही असतं तर मी समजून घेतलं असतं. धार नीट नाही म्हणा, मूठ सरकते म्हणा, पाठ वाकडी आहे म्हणा. एखाद्या माणसानं महिनाभर एकच वाक्य किती वेळा म्हणावं, याला काही धरबंध?

आमचं घर पुढे आणि वर्कशॉप मागे, मध्ये फरशीचा बोळ. दादा भट्टीवर काम करतो, मी मुठी बसवते आणि बाबा तपासतात. आमचे सुरे कांदे चिरायचे नाहीत. कोपरापासून बोटांपर्यंत भरतील एवढे लांब, जाड पाठीचे, न दुमडणारे. पातं आणि मुठीच्या आत जाणारं पोलाद एकाच तुकड्याचं. त्यानं फांद्या तोडा, साल काढा, अडकलेली फळी उचकटा, वेळ आली तर माती उकरा. अशा सुऱ्याचं सगळं सोनं तोलात असतं. वजन पात्याकडे असलं की तो आपण होऊन लाकडात शिरतो, पण दिवसभरात मनगटाचा जीव काढतो. वजन मुठीकडे असलं की हातात पिसासारखा वाटतो, साल काढायला गोड, पण तोडायला गेलात की लाकडावरून उडतो. आणि उडालेला सुरा कुठे जाईल ते त्याचं त्यालाही माहीत नसतं.

म्हणून आमच्याकडे मापाचा सुरा आहे. आजोबांनी केलेला, भिंतीवर खिळ्याला टांगलेला. नवा सुरा झाला की तपासणारा आधी मापाचा सुरा काढतो, ओंडक्यावर घाव घालतो, मग तेवढेच घाव नव्यानं घालतो. मग दोन्हींनी लाकडाची पातळ साल काढतो. मग हात पाण्यात बुडवून ओल्या हातानं सगळं परत. शेवटी म्हणतो, "चालेल." याहून जास्त कौतुक आमच्या घरात कुणी कुणाचं केलेलं नाही. "चालेल" म्हटल्याशिवाय सुरा दाराबाहेर जात नाही आणि तपासणाऱ्याशिवाय मापाच्या सुऱ्याला कुणी हात लावत नाही. दहा हातांत फिरला की मूठ दहा हातांची होते, असं आजोबा म्हणायचे. ते होते तोवर बाबासुद्धा त्याला शिवले नव्हते.

"चौथ्याला मी मुठीच्या शेपटाकडे जाड रिव्हेट घातलेत, बाबा," मी म्हणाले. "मूठ अर्धं बोट वाढवली. दादानं पात्याला पन्हळ पाडून वजन काढलं. अजून कुठून डोकं जड असेल?"

"ते मला काय विचारतेस? हाताला विचार."

"माझा हात म्हणतो बरोबर आहे."

"तुझा हात मुठी बसवतो," बाबा म्हणाले. "तपासतो माझा."

झालं. मी सुरा उचलला आणि पाय आपटत माझ्या बाकाकडे गेले. घरात मला फटाकडी म्हणतात, लगेच तडकते म्हणून. अशा घरात दुसरं काय होणार होतं माझं?

घाई का होती तेही सांगते. डोंगरातल्या वाटांवर वादळात झाडं पडतात, झुडपं माजतात. ते सगळं तोडून वाट मोकळी करणारं एक पथक आहे. त्याची मुकादम एक बाई आहे, उन्हानं रापलेली, कामापुरतं बोलणारी. महिन्यापूर्वी ती आमच्याकडे आली, थंडीनंतरचं पहिलंच गिऱ्हाईक, आणि पिशवीतून एक सुरा काढून बाकावर ठेवला. कारखान्यातला होता. रबरी मूठ, काळं पातं, दिसायला देखणा.

"दुकानात हातात घेतला तेव्हा सगळ्यांना हाच आवडला," ती म्हणाली. "हलका वाटतो ना. गेल्या मोसमात माझ्या एका माणसाच्या हातात तो ओल्या खोडावरून उडाला आणि नडगीत गेला. अजून लंगडतो तो. मला असा सुरा हवा जो लाकडात शिरेल. एक नमुना करून ठेवा. महिन्याभरानं, शुक्रवारी, मी खाली येईन. पसंत पडला तर पूर्ण पथकाला करा. नाहीतर मला पुन्हा दुकानात जावं लागेल, कारण मोसम तोंडावर आहे."

मी तो कारखान्यातला सुरा बोटावर ठेवून पाहिला. पातं आडवं करून तर्जनीवर ठेवायचं आणि पुढेमागे सरकवायचं. जिथे तो न कलंडता राहतो तिथे त्याचा तोल. ह्याचा तोल पार मुठीच्या पोटात होता. आमच्या पितळी साच्यावर आजोबांनी तोलाची खूण कोरून ठेवली आहे, मुठीच्या पुढे दोन बोटं, पात्यावर. पहिला नमुना मी बरोबर त्या खुणेवर उतरवला होता. बोटावर असा झोपला होता की दादासुद्धा वा म्हणाला. बाबांनी तो मापाच्या सुऱ्याशी ताडून पाहिला आणि म्हणाले, डोकं जड.

तेव्हापासून मी तोल मागे मागे आणत होते.

आता उद्यावर शुक्रवार आला होता. मी चौथा सुरा घेऊन मागच्या अंगणातल्या ओंडक्याशी गेले आणि रागारागानं एक घाव घातला. सुरा टणकन उडाला. ओंडक्यावर नुसता पांढरा ओरखडा. मी पुन्हा मारला, पुन्हा तेच. म्हणजे बाबांच्या मनासारखा करता करता मी कारखान्यातलाच सुरा घरी करून ठेवला होता. आणि तरी बाबा म्हणतात डोकं जड.

मी तिथेच ओंडक्यावर बसले. राग शांत झाला की माझं डोकं चालतं, फक्त राग शांत व्हायला वेळ लागतो. हा उडणारा सुरासुद्धा मापाच्या सुऱ्यापुढे डोकंजड वाटत असेल, तर मापाच्या सुऱ्याचा तोल आहे तरी कुठे?

दुपारी जेवून बाबा आडवे झाले. दादा भट्टीत कोळसा भरत होता, त्याची पाठ माझ्याकडे होती. मी भिंतीपाशी गेले, खिळ्यावरून मापाचा सुरा काढला आणि बोटावर ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला हात लावत होते.

तो मागे कलंडला. मी बोट मागे सरकवलं. परत मागे कलंडला. शेवटी माझं बोट मुठीच्या मधोमध पोचलं तेव्हा कुठे तो आडवा राहिला. मूठ उलटी करून पाहिली. शेवटाला पितळी टोपी असते, ती दोन खिळ्यांनी बसवलेली. एक खिळा जुना, काळपट. दुसरा नवा, पिवळाधमक.

"ठेव तो जागेवर," मागून दादा म्हणाला.

"ह्याच्या शेपटात काय घातलंस?"

"आधी ठेव."

"दादा, काय घातलंस ते सांग."

त्यानं एकदा बोळाकडे पाहिलं. "शिसं," तो म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आजोबांचा सुरा, ज्याला शिवायची कुणाची हिंमत नाही, त्याच्या मुठीत ह्यानं भोक पाडून शिसं ओतलं होतं. आणि त्याच्याशी ताडून पाहून माझे चार सुरे बाद झाले होते. मी दादाला काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की मध्येच आई बोळातून आली, माझ्या दंडाला धरून तिनं मला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लावून घेतलं. दादा मागोमाग आला.

"हळू बोल," आई म्हणाली. "ते झोपलेत."

"तुलाही माहीत होतं?"

आईनं नजर वळवली, म्हणजे माहीत होतं. ह्या घरात मला सोडून सगळ्यांना सगळं माहीत असतं.

"गेल्या थंडीत त्यांच्या हातातून सुरा पडला होता, आठवतंय?" दादा म्हणाला.

आठवत होतं. मापाचा सुराच पडला होता, बाबांच्या पायाशेजारी. फरशीचा टवका उडाला तो अजून तसाच आहे. त्यानंतर बाबा वर्कशॉपमध्ये यायचे बंद झाले. खोलीत भिंतीकडे तोंड करून बसायचे. कुणाशी बोलत नव्हते, दाढीसुद्धा करत नव्हते. आईनं ताट नेलं की तसंच परत यायचं.

"त्यांच्या करंगळीतला आणि तिच्या शेजारच्या बोटातला जोर गेलाय," दादा म्हणाला. "मूठ धरली जाते, पण पकड नाही. सुरा पुढे झुकला की बोटं उघडतात. मी विचार केला, सुराच पुढे झुकला नाही तर? म्हणून शिसं घातलं. मग त्यांना म्हटलं, बाबा, हा एक सुरा तेवढा बघा. ते उठले, आले, मापाचा सुरा काढला आणि घाव घातला."

"आणि मला येऊन म्हणाले, माझा हात परत आला," आई म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "त्या दिवशी जेवले नीट. तू काय समजतेस, मला खोटेपणाची हौस आहे?"

मला तो दिवस आठवला. बाबांनी मलाही हाक मारून सांगितलं होतं, पोरी, हात परत आला बघ. मला इतका आनंद झाला होता की मी सगळ्यांना सांगत सुटले होते.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुझ्या पोटात काही राहतं का?" दादा म्हणाला.

राग आला, पण खोटं नव्हतं.

"बरं, आता उद्याचं काय?" मी म्हणाले. "त्यांना हवा तसा सुरा दिला तर तिकडे कुणाचा तरी पाय जाईल. आपल्याला हवा तसा दिला तर ते जाऊ देणार नाहीत. मुकादम बाई समोर उभी असणार. करा आता काय करायचं ते."

दादानं त्याचंही उत्तर तयार ठेवलं होतं. पहिला नमुना, तोलावर उतरलेला, तसाच ठेवायचा. त्याचा हुबेहूब जुळा करायचा आणि त्याच्या मुठीत शिसं ओतायचं. बाबांनी जुळा तपासायचा, चालेल म्हणायचं, आणि मुकादम बाईला द्यायचा तो खरा.

"असं किती दिवस?" मी विचारलं.

"त्यांचे आहेत तेवढे दिवस," आई म्हणाली. "उद्या तोंड उघडू नकोस. माझ्यासाठी."

मी जुळ्याची मूठ बसवली. शिसं दादानं ओतलं. मी इतकी वैतागले होते की रिव्हेट ठोकताना दोनदा अंगठ्यावर मारून घेतलं. दोन्ही सुरे शेजारी ठेवले तेव्हा माझे मलाच ओळखता येईनात, म्हणून खऱ्याच्या टोपीवर मी नखाएवढी चरी पाडली.

शुक्रवारी मुकादम बाई आली. बाबांनी दाढी केली होती, स्वच्छ सदरा घातला होता. त्यांनी मापाचा सुरा काढला, घाव घातले, साल काढली. मग दादानं पुढे केलेला जुळा घेतला. मी त्यांच्या हाताकडे पाहत होते. इतकी वर्षं तो हात पाहत आले आणि दोन बोटं मुठीवर नुसती टेकवलेली असतात हे मला दिसलं नव्हतं. हल्ली ते चहाचा कप दोन्ही हातांनी धरत होते, तेही दिसलं नव्हतं. मला दिसतं काय, तर फक्त माझ्या मुठी.

घाव घालून झाले. बाबांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"चालेल," ते म्हणाले. महिनाभर ज्या शब्दासाठी मी जीव टाकला तो असा मिळाला. मला तो कानात नको झाला.

दादानं सुरा परत घ्यायला हात पुढे केला, पण बाबांनी तो त्याला दिलाच नाही. त्यांनी मुकादम बाईपुढे मूठ धरली. "घ्या, बाई. तुमच्या हातानं मारून बघा. मग कळेल तोल कशाला म्हणतात."

मुकादम बाईनं सुरा घेतला, पाय रोवले आणि ओंडक्यावर तिरका घाव घातला, फांदी तोडतात तसा. सुरा उडाला. तिच्या गुडघ्याजवळून गेला आणि तिनं तो कसाबसा आवरला. आई दारात होती, तिनं पदर तोंडाला लावला.

मुकादम बाईनं पिशवीतून कारखान्यातला सुरा काढला आणि दोन्ही शेजारी शेजारी बाकावर ठेवले. "काका, राग मानू नका," ती म्हणाली. "हा आणि हा एकच आहे."

"तुमच्या हाताला सवय नाही," बाबा म्हणाले. आवाज चढला होता.

"मी पंधरा वर्षं हेच करते."

"हा बघा, बाई, हा बघा," दादा घाईघाईनं म्हणाला आणि चरीवाला खरा सुरा तिच्या हातात दिला. तिनं मारला. पातं ओंडक्यात अर्धं गेलं आणि तिथेच राहिलं. तिला पाय लावून ते काढावं लागलं.

"हा," ती म्हणाली. "हाच हवा मला."

बाबांनी तो तिच्या हातातून घेतला. घाव घालायला वर उचलला आणि मनगट पुढे गेलं. त्यांनी दुसरा हात लावून सावरलं. "डोकं जड आहे," ते म्हणाले. "हा माझ्या दारातून जाणार नाही."

"काका, वापरायचाय मला."

"आणि नाव माझं आहे. वाईट सुरा द्यायचा आणि वर लोकांनी हसायचं? तुम्ही दुकानातून घ्या, बाई. ते बरं."

मुकादम बाईनं दादाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला काही कळत नव्हतं, बिचारीला कुठून कळणार? तिनं पिशवीचा बंद ओढला. ती जाणार होती. जाणार, त्याच दुकानातून तेच उडणारे सुरे घेणार, आणि ते घेऊन तिची माणसं डोंगरात चढणार. आई दारातून माझ्याकडे बघत मान हलवत होती. नको, नको. मी ओठ घट्ट मिटून घेतले. खरंच मिटले होते. पण तिच्या गुडघ्याजवळून गेलेलं ते पातं माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

"बाबा," मी म्हणाले, "बोटावर ठेवून बघा."

"काय?"

"सुरा. बोटावर ठेवून बघा."

"बोटावर शिकाऊ ठेवतात," बाबा म्हणाले. "मला हातात घेतलं की कळतं."

"माहीत आहे. तरी ठेवा. हा नको. मापाचा ठेवा."

दादानं डोळे मिटून घेतले. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता कानाखाली बसणार. मग चिडूनच त्यांनी मापाचा सुरा उचलला, डाव्या हाताची तर्जनी पुढे केली आणि सुरा खुणेवर, मुठीच्या पुढे दोन बोटं, ठेवला.

तो मागे कलंडला. त्यांनी तो पडता पडता धरला. परत ठेवला. परत मागे कलंडला. मग ते बोट सरकवत सरकवत मुठीच्या मध्यापर्यंत गेले आणि थांबले. सुरा त्यांच्या बोटावर आडवा राहिला होता आणि ते त्याच्याकडे बघत होते. बराच वेळ बघत होते. मग त्यांनी टोपी उजेडात धरली. नवा खिळा दिसायला चष्मा लागत नाही.

"शिसं?" त्यांनी विचारलं.

"हो," दादा म्हणाला.

"थंडीत?"

"हो, बाबा."

बाबांनी दाराकडे पाहिलं. आईनं मान खाली घातली. मला वाटलं, आता हे खोलीत जातील, भिंतीकडे तोंड करून बसतील आणि परत उठणार नाहीत, आणि हे सगळं माझ्या जिभेमुळे. मला माझी इतकी चीड आली की रडू फुटायच्या बेतात होतं.

बाबा मुकादम बाईकडे वळले. "सुरा बरोबर आहे, बाई," ते म्हणाले. "माझा हात बरोबर नाही."

खाली बघत तिनं पिशवी परत बाकावर ठेवली.

मग बाबांनी चरीवाला सुरा उचलला आणि मूठ माझ्याकडे करून धरला. "मार."

"मी कशाला? तपासता तुम्ही."

"मार म्हणतोय ना."

मी घेतला. बाबा दोन पावलं मागे सरकले आणि त्यांनी डोळे मिटले. आजोबा घाव घालायचे तेव्हा बाबाही असेच डोळे मिटून ऐकत उभे राहायचे, हे मला आईनं कधीतरी सांगितलं होतं. मी घाव घातले. पातं शिरत होतं. साल काढली, लांबच लांब निघाली. हात बादलीत बुडवला आणि ओल्या हातानं परत सगळं केलं.

"बोल," बाबा म्हणाले.

दादा माझ्याकडे हात जोडल्यासारखा बघत होता. एक शब्द फक्त. तो म्हणायचा आणि सगळं सुटणार होतं. महिनाभर मी तो शब्द ऐकायला तडफडले होते आणि आता तो माझ्याच तोंडात होता. मी मूठ एकदा सोडली, परत धरली.

"मूठ करंगळीखाली टोचते," मी म्हणाले. "शेवटाची कड राहिलीय. ओल्या हाताला दुपारपर्यंत फोड येईल."

दादानं कपाळावर हात मारला. "अगं, तूच बसवलीस ना ती?"

"मीच बसवली. टोचते."

"मग आत्तापर्यंत कुणी का नाही सांगितलं?" दादा वैतागून म्हणाला आणि बोलता बोलता गप्प झाला.

बाबांनी माझ्या हातातून सुरा घेतला. उजव्या हाताची करंगळी त्या कडेवर ठेवली आणि दाबली. मग डाव्या हाताची ठेवली. लगेच हात मागे घेतला.

"मला टोचलंच नाही," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून टोचत होतं, आणि मला टोचलंच नाही."

मला वाटलं नव्हतं की मी त्यांच्यासमोर रडेन, पण रडले. बाबांनी सुरा माझ्या बाकाच्या वाइसमध्ये अडकवला, डाव्या हातानं दांडी फिरवून घट्ट केला आणि कानस माझ्यापुढे सरकवली. मग मापाचा सुरा उचलून भिंतीपाशी गेले. तो खिळ्यावर अडकवायला त्यांना दोन्ही हात लागले, आणि ह्या वेळी त्यांनी ते लपवलं नाही.

"शिसं काढू का, बाबा?" दादानं विचारलं.

"राहू दे. मला तेवढाच झेपतो." मग त्यांनी मुकादम बाईसाठी स्टूल ओढलं आणि दाराकडे बघून आईला म्हणाले, "बाईंना चहा टाक. ही फटाकडी लवकर चालेल म्हणणाऱ्यातली नाही."